शून्याच्या वर

संध्याकाळी सात वाजता, साउंडचेकला,
एरुंदिना माइकसमोर अशी उभी राहिली
जशी पोस्टाच्या खिडकीपुढे.
"म्हणा काहीतरी," मी म्हणालो.
तिने बटाट्यांचा भाव सांगितला.
मग अर्धी ओळ गायली, ओठातल्या ओठात,
डफलीला नुसतं बोट लावून.
मीटर तळाशी पडून, थंडीतल्या बेडकासारखं.
मी गेन वाढवला. अजून वाढवला.
हिरवी रेघ वर आली आणि मी खूश.

ट्रकमधून उशियो ओरडला,
"म्हातारीसाठी वर जागा ठेवलीस ना?"
ठेवली, म्हणालो. सहा डेसिबल.
मी चोवीस वर्षांचा होतो
आणि गालिसियाच्या त्या डोंगरांतला नव्हतो.

रात्री साडेअकरा. चेस्टनटच्या फांद्यांत बल्बांच्या माळा,
तांब्याच्या हंड्यात ऑक्टोपस उकळतोय,
चार म्हाताऱ्या, चार डफल्या.
तिसऱ्या कडव्यानंतर एरुंदिनाने मान मागे टाकली
आणि घशातून ते काढलं
ज्याला इथे आतुरुशो म्हणतात.
आरोळी म्हणवत नाही, हाक नाही, रडणं तर नाहीच.
या टेकडीवरून त्या टेकडीवर फेकलेला दोर.

लाल.

मी फेडर खाली ओढला.
ती दूर गेली, लहान झाली, पण फाटलेलीच.
फेडर नंतर येतो.
तुटायचं ते आधीच तुटलेलं असतं
स्टेजखालच्या पेटीत,
जिथे वीज संपते आणि आकडे सुरू होतात.
आणि त्या आकड्यांना शून्याच्या वर मोजता येत नाही.
बोलणं उणे अठराला, कुजबुज त्याच्या कितीतरी खाली,
शून्य म्हणजे छत.
उशियोच्या बापाचं जुनं टेबल
असं काही आलं की तापायचं, गुरगुरायचं,
दूध उतू जावं तसं काठावरून सांडायचं,
पण घ्यायचं.
हे घेत नाही. कापतं,
आणि कापलेलं तसंच, सुवाच्य अक्षरात, लिहून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी ती ऐकायला आली.
ऐकून झाल्यावर म्हणाली, "दाखव."
मी तिचा आवाज पडद्यावर मोठा केला:
चढ, चढ, चढ,
आणि माथ्याच्या जागी इस्त्री केल्यासारखं पठार.
चष्मा पुसून ती बराच वेळ बघत राहिली.
मग खिडकीबाहेर बोट केलं,
सिल नदीपलीकडे, पाटीच्या दगडाच्या खाणीकडे.
"त्यांनीही वरूनच नेला."
थोड्या वेळाने विचारलं,
"ह्यातला नेलेला तुकडा कुठे आहे?"
कुठेच नाही, म्हणालो. तो लिहिलाच गेला नाही.
"मग खाणवाले बरे," ती म्हणाली,
"त्यांनी निदान छपरं तरी शाकारली."

पुढच्या ऑगस्टला मी वीस डेसिबल मोकळे ठेवले.
मॉनिटरवरची आंतिआ वैतागली,
तिला मशीनची सळसळ ऐकू येत होती.
ट्रिम वाढव, म्हणालो, गेनला हात लावू नकोस,
पेटी दोघांची एकच आहे.
त्या वर्षी म्हाताऱ्या तीन आणि डफल्या चार,
चौथी दोसिंदाच्या खुर्चीवर.
तिसरं कडवं संपलं.
माझं बोट कशावरच नव्हतं.
एरुंदिनाने खुर्चीकडे पाहिलं,
डफली मांडीवर उपडी ठेवली,
आणि चौथं कडवं सुरू केलं, बटाट्यांच्या भावाच्या आवाजात.
वरचे वीस डेसिबल
सारवलेल्या अंगणासारखे कोरे राहिले.

दीड वाजता आम्ही केबल गुंडाळत होतो.
कन्सोलवर झाकण, ट्रकचं दार उघडं,
उशियो पैसे मोजत.
तेव्हा खालून, नदीच्या रस्त्यावरून,
घरी जाता जाता, अंधारात, कुणासाठीही नाही,
ते आलं.

खाणीच्या कापलेल्या कड्यावर आपटलं
आणि अख्खं परत आलं.

उशियो मोजता मोजता चुकला.
पुन्हा एकपासून सुरुवात केली त्याने.