लेट मार्क

भोईर अजून वही ठेवतो.
बत्तीस वर्षं गेटवर टाइमकीपर होता.
कंपनी गेली, गेट गेलं, भोंगा गेला,
सवय तेवढी ग्रॅच्युइटीसारखी हातात आली.
आज त्याने लिहिलं :
मामा-भांजे डोंगर, पायथा, सहा दहा.
मुकादम हजर. टिपणीसबाई हजर. मी हजर.
सामंत…
आणि पेन कागदावरून उचललं.

पहिल्या वळणापर्यंत आम्ही बोलतो,
कोणाची साखर किती,
मोतीबिंदूला कुठला डॉक्टर बरा.
दुसऱ्या वळणानंतर फक्त श्वास बोलतात.
मुकादमचा शिट्टी मारतो,
माझा पट्टा सैल झालेल्या लेथसारखा,
टिपणीसबाईंचा ऐकूच येत नाही.
जन्मभर अकाउंट्समध्ये होत्या,
श्वासही पैपैने खर्च करतात.

माघातलं गवत, हात लावला तर मोडेल.
सावरीला एक पान नाही
आणि अंगभर लाल फुलं.
"ह्या वयात बघा कसं नटलंय," मुकादम म्हणाला.
"वय झाडाचं नाही, मुकादम. तुमचं."
हसताना आम्हाला खाली बसावं लागलं.
हल्ली हसायलाही कातळ लागतो.

हाच कातळ.
संपाच्या सातव्या आठवड्यात
आम्ही रोज इथे यायचो.
खिशात दमडी नव्हती, डोंगराला तिकीट नव्हतं.
सामंत पस्तीस मिनिटांत वर,
मग टोकावर उभा राहून
मॅनेजरच्या केबिनच्या दिशेने
धोतर नसलेल्या माणसाला जेवढं जमतं तेवढं
निषेध नोंदवायचा.
हे बाईंसमोर आजवर कोणी सांगितलं नव्हतं.
मुकादमच्या तोंडून निसटलं.

बाई हसल्या नाहीत.
थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या.
"संपाचे दिवस कापायचे तक्ते मीच टाइप केले होते," म्हणाल्या.
"सामंतचे तीन दिवस कमी कापले.
त्याची आई तेव्हा सिव्हिलमध्ये होती.
कोणाला बोलले नाही. तोही नाही.
पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर
द्रोणभर करवंदं.
चिकाने लेजरचं एक पान खराब झालं.
ते पान मी पुन्हा लिहून काढलं."

एवढंच.
आम्ही कोणी काही विचारलं नाही.
भोईर उगाच बुटाची नाडी सोडून बांधत बसला.
मुकादमने पाणी आधी बाईंना दिलं,
स्वतः प्यायचं विसरून.

वरती वारा.
मुकादम दर्ग्यात गेला, सामंतच्या नावाने अगरबत्ती लावून आला.
"तो कुठे मानायचा?"
"म्हणून तर मी लावली."
हातावर चार रेवड्या ठेवल्या,
माणसं चारच होतो, तरी त्याने
पिशवीत हात घालून आणखी एक काढली
आणि कुठे ठेवावी कळेना, तेव्हा
स्वतःच खाल्ली.

खाली वागळे इस्टेट. आमची शेड शोधायची
आता पद्धतच राहिलेली नाही,
तरी चौघांनी मुकाट शोधली.
तिथे काचेची इमारत आहे,
तिचा कवडसा थेट आमच्या डोळ्यांत.
एवढा उजेड त्या जागेत
तिन्ही पाळ्यांत मिळून कधी नव्हता.

"आठ पंचवीस," भोईर म्हणाला.
"दोन तास पंधरा मिनिटं. सगळ्यांना लेट मार्क."
मग सामंतच्या नावापुढे पेन टेकवलं.
"कापू नका," टिपणीसबाई म्हणाल्या.
त्याने वही मिटली.

उतरताना गुडघ्यांची युनियन होते.
त्यात मुकादमच्या बुटाचा तळ सुटला,
सुतळी कोणाकडेच नव्हती.
फटक, फटक, फटक करत तो पुढे,
मागे आम्ही, त्याच्याच चालीने,
आणि उतरल्याची वेळ
भोईर कधी लिहीत नाही.