पाहा, पान नऊ

चोडणच्या आमच्या वाचनालयात, दारामागच्या खिळ्याला
सुतळीने बांधलेली एक शंका-वही आहे.
कुणीही विचारावं, ठाऊक असेल त्यानं खाली लिहावं.
माडाला भुंगा लागला, काय करू?
रहिवासी दाखल्याला फोटो किती?
रायबंदरची शेवटची फेरीबोट चुकली तर?
(पोहत या, असं कुणीसं लिहिलंय.
मी ते खोडलं नाही.)

वही माझ्या ताब्यात, एकोणीस वर्षं.
लोक मागचं वाचत नाहीत.
एका वर्षात भुंगा अकरा वेळा लागला
आणि मी अकरा वेळा लिहिलं: पाहा, पान बावीस.
शेवटी म्हापशाहून एक शिक्काच करून आणला,
जांभळ्या शाईचा:
हे आधी विचारले आहे.
खाली पानाच्या आकड्यापुरती कोरी जागा.

शिक्का मारताना, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.
एका प्रश्नाला एक दार,
बाकीच्यांनी त्याच दाराने आत यावं.

विहिरीचं पाणी मचूळ का लागतं?
हे पान नऊवर.
विचारलं बांधाकडच्या गोकुळदास पालयेंकरांनी.
इनासबाब तेव्हा मानशीची दारं राखायचा.
त्यानं सांगितलं, मी लिहिलं, खाली त्याची रोमी सही:
भरतीचं पाणी आत येतं. फळी कुजली आहे.
बदलतो. आठ दिवस थांबा.
फळी बदलली, पाणी गोडं झालं.
पुढे ज्यांनी विचारलं, त्यांना शिक्का.

परवा द्वारका आली, टेकडीच्या पायथ्याची.
शिक्का वाचला, पान नऊ काढलं, उभ्यानेच वाचलं.
म्हणाली, काका, ह्यात इनासबाब आहे.
तो जाऊन सहा वर्षं झाली.
आणि आमच्यापर्यंत भरती कधी चढली होती?
शब्द तेच आहेत हो.
पाणी ते नाही.

ती गेल्यावर जांभळे डाग शोधत मी मागे गेलो.
पान एकतीस: शाणू, माडांच्या भाटातला.
पान अठ्ठावन्न: दुकान ओलांडून राहणारा लाडू.
पान ब्याण्णव: कपेलाजवळची पियेदाद,
तिने दोनदा विचारलेलं, दुसऱ्यांदा लाल शाईत.
मग शाळेची शिपाईबाई.
दर वेळी चार घरं आत, थोडं वर.
मीठ पायी पायी गाव चढत होतं
आणि मी त्याला प्रत्येक वळणावर
पान नऊकडे परत धाडत होतो.

द्वारकेच्या प्रश्नावरचा शिक्का ओल्या बोटाने पुसायला गेलो,
डाग आणखी पसरला.
तसाच ठेवून खाली लिहिलं:
पाहा पान नऊ, एकतीस, अठ्ठावन्न,
ब्याण्णव (दोन्ही), एकशे सात.
उत्तर नाही.
विचारणाऱ्यांनी रविवारी चार वाजता इथे यावं,
बाटलीभर पाणी आणावं,
बाटलीवर नाव घालावं.

रविवारी मेजावर सात बाटल्या.
पियेदादची औषधाची होती, लेबलासकट.
कुणी बोलेना. पंखा फिरत होता.
एका बाटलीवर नाव नव्हतं.
द्वारकेने तिचं बूच काढलं, थेंब जिभेला लावला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि वहीची पेन्सिल पुढे केली.