तूर्तास

फाटकावर काउंटीची पाटी: होऊ घातलेलं उद्यान.
खाली बारीक अक्षरांत, तूर्तास.
तूर्तास सूर्योदय ते सूर्यास्त,
तूर्तास फक्त पायी,
तूर्तास सहा गाड्यांपुरती खडी.
किल्ली माझ्याकडे असते.
म्हणजे किल्ली नाहीच, कुलपाचे चार आकडे,
जे गावाला माझ्याआधी पाठ झालेत.

एकशे अठ्ठ्याऐंशी एकर,
धड शेत नाही, धड बाग नाही.
आराखडा ऑफिसात नळकांड्यात गुंडाळलेला;
त्यात तळ्यावर लाकडी पूल आहे
आणि पुलाखाली तळंही आहे,
जे इथं मला अजून सापडलेलं नाही.
आज रोख, उद्या उधार,
तसं आज गवत, उद्या बाग.

शाळेच्या जिममध्ये बैठक झाली,
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या.
कुणाला सायकलची वाट हवी,
कुणाला कुत्र्यांसाठी मोकळं रान,
एका बाईंना फक्त संडास, पण चांगला.
डेल्मर फ्योसनं शेवटी हात वर केला:
तोवर गवत कोण कापणार?
लोक हसले.
कंत्राट त्यालाच मिळालं, तीन वर्षांचं.
अट एकच, पंधरा जुलैच्या आत यंत्र घालायचं नाही,
बोबोलिंक पक्षी जमिनीवर घरटं करतात.
तोवर गवताचा झाडू होतो, डेल्मर म्हणाला,
गाय काय, गाढवसुद्धा हुंगणार नाही.
तरी थांबला.
सोळा तारखेला पहाटे पाचला
त्याच्या ट्रॅक्टरनं मला झोपेतून उठवलं.

एप्रिलात आम्ही पश्चिमेचा उतार जाळला,
मुद्दाम, वारा बघून, तीन सह्या घेऊन.
शेजारच्या मुलानं अग्निशमनला फोन केला;
फोन उचलणारा इथंच, माझ्या बाजूला, फावडं घेऊन उभा.
मे महिन्यात त्या काळ्यातून
असं काही निळं वर आलं
ज्याचं नाव माझ्या यादीत नव्हतं.
मी 'इतर'मध्ये लिहिलं.

नोव्हेंबरात धनुष्यवाले येतात, परवाना गळ्यात.
जानेवारीत पोरं उतारावरून घसरतात
प्लास्टिकच्या झाकणांवर बसून.
घसरण्याबद्दल नियमात काही नाही,
म्हणून मी त्या बाजूला फारसं बघत नाही.

घर मागच्या शरदात पाडलं.
विहिरीवर काँक्रीट. सायलो उभा आहे,
त्याला पाडायचे पैसे पुढच्या बजेटात.
पायरीपाशी रुबार्ब मात्र दाटतो दर जूनला
जणू आतून कुणी पातेलं घेऊन येणारच आहे.

त्या रविवारी एक तपकिरी गाडी खडीवर थांबली
आणि बराच वेळ कुणी उतरेना.
मी गेले. मागच्या सीटवर आर्डिस होल्वेग,
जिनं हे सगळं काउंटीला विकलं,
आता गावातल्या वृद्धाश्रमात, खोली नऊ.
काच खाली करून म्हणाली,
इथं लिहिलंय पब्लिकसाठी खुलं.
मी पब्लिकमध्ये मोडते का?

आमच्या नियमावलीत शब्द आहेत:
कंत्राटदार, परवानाधारक, अभ्यागत, अतिक्रमण.
ती कुठल्या रकान्यात, ते कुणी लिहिलेलं नाही.
मोडता, मी म्हटलं.
मग ठीक, म्हणाली, आणि उतरली,
वॉकर पुढे, भाचीची मुलगी मागे,
आणि लगेच कुरकुर सुरू:
आमच्या वेळी एवढे काटे नव्हते,
हा कोपरा कुणी नांगरला नाही वाटतं.
घर होतं तिकडे तिनं पाहिलं नाही.
रुबार्बपाशी थांबली.
हा नेतं का कुणी?
परवानगी नाही, मी म्हटलं, नियम सहा.
मग वाया जातो.
वाया नाही जात. चोरीला जातो.
बरं झालं, ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

सूर्यास्त आठ एकेचाळीसला होता.
ती खडीपर्यंत पोचली तेव्हा
नऊ वाजून गेले असावेत. मी घड्याळ पाहिलं नाही.
साखळी ओढली, आकडे फिरवले,
टॉर्चच्या उजेडात वही उघडली.
रकाना: पब्लिक.
अकरा लिहिलं.
तिला धरून.