ओल

ऑगस्टात आमच्या फरशीला घाम फुटतो.
साऱ्या व्हाल्दीव्हियाला ठाऊक आहे, आमची गल्ली
पाणथळीवर भराव टाकून उभी केलेली.
कपाटं विटांवर, गादी भिंतीपासून वीतभर दूर,
लाकडांच्या शेगडीवर दोरी, दोरीवर मोजे,
जूनपासून सप्टेंबरपर्यंत.

एका शनिवारी दार वाजलं.
रबरी बूट, काखेत नकाशाची गुंडाळी,
सत्तरीची बाई. म्हणाली, मी इस्मेनिया ओयार्सून.
नगरपालिकेत होते, नियोजन खात्यात, एकतीस वर्षं.
ह्या वसाहतीच्या आराखड्यावर सही माझी आहे.

मी तिला आत या म्हटलं नाही.
आईनं आतूनच विचारलं, कोण आहे गं?
म्हटलं, ओल आलीय.

ती हसली नाही. उंबऱ्यातच नकाशा उलगडला.
आमच्या घराच्या जागी फिकट पिवळा रंग
आणि सुबक अक्षरांत: मोकळी जागा.
"अठ्ठावीसची होते. रंग टेबलावर बसून भरला.
इथवर चालत आले असते
तर बुटातल्या चिखलानंच सांगितलं असतं,
जागा मोकळी नाहीये."

पुढचं मला इतरांकडून कळलं.
नदीकाठच्या रस्त्याला ती नाही म्हणाली, बढती हुकली.
बसथांब्यांना आडोसा हवा म्हणून
सात अंदाजपत्रकं भांडत राहिली.
शाळेमागची पाणथळ तिनं राखली; तिथे आता
काळ्या मानेचे हंस उतरतात,
पोरं वहीत त्यांचे आकडे मांडतात.
छान आहे.
हंसांचे पाय ओले असले तरी चालतात.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. फुकट.
एक पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली,
एक टोक तिच्या हातात, एक माझ्या,
आणि गल्लीभर आम्ही पाण्यालाच विचारत गेलो,
बाबा रे, तुला जायचंय कुठे?

एलेउतेरिओंच्या कुंपणाशी ते अडलं.
म्हातारा म्हणाला, इथेच. भूकंपाआधी
इथे माझ्या बापाचा गहू होता.
जमीन खचली, नदी आत आली,
बसली, उठलीच नाही.
हे मी तेव्हाही सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.
इस्मेनियानं ते वहीत उतरवून घेतलं,
तारखेसकट.

चर खणायला बावीस घरांतून नऊ माणसं आली.
दोघं निव्वळ बघायला.
अर्ज तिनं लिहिला, सह्या आमच्या घेतल्या.
तुमची? मी विचारलं.
माझी एकदा झालीय, म्हणाली.

चौदा महिने झाले, अर्जाला उत्तर नाही.
चर आहे. तो आम्हीच उपसतो.
गेल्या ऑगस्टात फरशी ओलीच होती,
फक्त शेगडीकडच्या चार फरश्या कोरड्या राहिल्या.
मी बोटं फिरवून पाहिलं, दोनदा.

आई आता तिथे खुर्ची टाकून बसते.
शनिवारी बाहेर बूट वाजले
की मला न विचारता किटली चढवते
आणि ओरडते, बूट दारातच काढा हो,
चारच आहेत,
आत्ताच पुसल्यात.