जांभा

बर्टनच्या हवेला माल्टचा वास असतो.
ब्रुअरीत न दिसणारं कुणीतरी
रात्रभर साखर खात बसलेलं असतं.
समुद्र इथून कुठल्याही दिशेला लांब;
मी तो बादलीत कालवते,
दुकानातल्या मिठातून, काटा लावून,
आणि तरी सवयीनं बोट बुडवून चाखते.

निशांत लीड्सला गेला, टाकी ठेवून गेला.
दोन नारिंगी मासे, एक हळदीसारखा,
आणि काचेवर चिकटवलेली चिठ्ठी:
आई, नायट्रेट बघत जा.

नायट्रेट म्हणजे शेवटी उरतं ते.
खाल्लेलं, टाकलेलं, कुजलेलं,
सगळ्यातून जाऊन जे पुढे कुठे जात नाही.
नळीत थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं.
पहिल्यांदा पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल झालं.
तक्त्यावर ऐंशी.

कॉलिननं दुकानातून एक वीट दिली,
पांढरी, हलकी, नुसती भोकंच भोकं.
आमच्या हर्णैचा जांभाच, रंग उडालेला.
"वरच्या भोकांत हवा पोचते," तो म्हणाला,
"पार आत पोचत नाही.
नायट्रेट खाणारे तिथेच राहतात."
मी मान डोलावली.
आणि दीड महिन्यानं विटेवर तपकिरी साय धरली तेव्हा
नळाखाली धरून, ब्रशनं घासून
लख्ख केली.
मासळी साफ केलेला हात माझा,
खवलं, बुळबुळ, काही ठेवत नाही.

कॉलिन रागावला नाही.
"क्लोरीन," म्हणाला. "मेले असतील बहुतेक सगळे.
पुन्हा पहिल्यापासून."

फेब्रुवारी. वेअरहाउसची रात्रपाळी.
घरी आल्यावर कोट न काढताच नळी हलवायची.
आगळ.
आगळ.
पुढच्या शनिवारीही आगळ.
निशांतचा फोन येत नाही असं नाही;
आला की आम्ही माशांबद्दल बोलतो.
"खातात का?"
"खातात."
"आणि तू?"
मार्चअखेर पाणी गाजराच्या रंगावर आलं,
मग तिथेच अडलं, तीन आठवडे.

आज पहाटे टाकीचा दिवा लागायच्या आधी
विटेच्या एका भोकातून बुडबुडा सुटला.
मोहरीएवढा.
वर आला, फुटला,
खोलीतल्या हवेत हवा मिसळली, एवढंच.
नळी पिवळी. तक्त्यावर दहाच्या खाली.

वीट आता पुरती बुळबुळीत झाली आहे,
कोपऱ्यात तर शेवाळाची दाढी.
हात शिवशिवतात.
मी ते कोटाच्या खिशात घालते.