सुरंगीची लादी

म्हापशाच्या बाजारात आनशी सांगते:
पूर्वी सुरंगी शेंड्याला फुलायची.
कळ्या खुडणारं एक पोर
पहाटेच्या काळोखात फांदीसकट खाली आलं
आणि झाड शरमलं.
तेव्हापासून फुलतं ते जाड फांदीला बिलगून,
हाताजवळ.

मी विचारत नाही,
मग गेल्या चैत्रात तिचा बाबल कसा पडला.
ती वळेसर गुंफत राहते.

घरी पांढरी लादी पुढ्यात घेते.
निळ्या रंगात साल, गाठी, मुंग्यांची वाट.
पाकळ्या रंगवायच्या नाहीत,
तेवढी जागा ब्रशने चुकवत जायची फक्त.
मधोमध पिवळा, चिमूटभर.
हात हलला, जरा जास्तच पडला.

भट्टीतून निघाली तेव्हा
पिवळा एका पाकळीवर ओघळलेला,
आणि फांदीच्या खाली,
जिथे मी काहीच काढलं नव्हतं,
एक बारीक तडा.

आनशीने लादी नाकाला लावली.
"वास घालायला विसरलीस गो."
मग तड्यावरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.
लादी मांडीखाली सरकवून
ती वळेसराचा भाव सांगू लागली,
नेहमीपेक्षा थोड्या मोठ्याने.