दोन हातांचं आम्ल

वेकफिल्डला फेब्रुवारीत रुबार्ब खुडतात
मेणबत्तीच्या उजेडात.
खिडकी नसलेली लांबच लांब शेड.
"बोलू नका, ऐका," नॉर्मन शिलिटो म्हणाला.
ऐकलं. अंधारात कोंब उकलत होते, टक्, टक्,
कुणी बोटं मोडावीत तसे.

गुलाबी दांडे टोपलीत. पिवळी पानं उकिरड्यावर.
"विष आहे पानांत, शेळीलाही घालत नाही."
मी म्हटलं, ओळखते मी त्याला.
माझ्या वर्कशॉपच्या फळीवर त्याचा डबा आहे,
साखरेसारखा दिसतो, म्हणून वर कवटीचं चित्र.
ऑक्झॅलिक.
आमच्या मिरजेला तेच अळवात राहतं,
घशात सुया टोचतं, चिंचेचा कोळ घातला की निवतं.
तुम्ही कस्टर्ड घालता.
दुधातलं कॅल्शियम पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरतं
आणि दात आंबायचे राहतात.

एप्रिलमध्ये त्यानं ओकचं टेबल आणलं.
मुलीकडे हलला राहायला जायचं, फ्लॅट लहान,
टेबल विकायचं, पण डाग.
काळी वर्तुळं: एक पौंडाचं, दोनाचं, सातांचं.
ब्रेंडा ओली वजनं तशीच ठेवायची, तीस वर्षं.
लोखंड आणि ओकचा तुरटपणा मिळून
शाईच होते ती, लाकडाच्या आत लिहिलेली.

हातमोजे. गरम पाणी. डब्यातले चार चमचे.
ब्रश फिरवला. काळं आधी राखाडी झालं,
मग पिवळट पाणी होऊन वाहिलं.
"कुठे जातं ते?"
"आम्ल उचलून नेतं. लोखंड तेवढंच. बाकी कशाला हात लावत नाही."

खरंच लावला नाही.
सातांच्या वर्तुळाखाली चाकूच्या रेघा निघाल्या,
अकरा उभ्या, एक आडवी.
नॉर्मननं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.
"माझ्या नाहीत," म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी पाणी बदललं. तीनदा धुवावं लागतं,
नाहीतर वाळल्यावर पांढरी भुकटी वर येते, शिंका येतात.

पैसे देताना त्यानं रुबार्बची जुडीही ठेवली.
मला बंदी आहे, हे सांगितलं नाही.
गेल्या वर्षी पिंडरफील्ड्समध्ये मूतखडा काढला,
मुगाएवढा, काटेरी,
हेच आम्ल, कॅल्शियमचे हात धरून बसलेलं.
बाटलीत आहे अजून.

संध्याकाळी एक दांडा मिठाशी खाल्ला, कच्चाच.
टेबल अजून ओलं होतं.
त्याची किंमत नॉर्मननं मला सांगितलीच नव्हती.